दिसतं, तरी पेपर पुरा होत नाही

पत्र: मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय अर्थशास्त्र, माध्यम मराठी. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. चष्म्याने समोरचं ६/१२ दिसतं (इतरांना १२ मीटरवरून दिसतं ते मला ६ मीटरवरून), पण कडेचं दिसत नाही. डॉक्टरांनी दृष्टिक्षेत्र साधारण २० अंश उरल्याचं लिहिलंय. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, ४० टक्के दिव्यांगत्व आहे. गेल्या सत्रात तीन पेपरांत शेवटचे प्रश्न राहिले. लेखनिक मागितला तर सर म्हणाले, "तू मोबाइल बघतेस, वाचतेस, मग लेखनिक कशाला?" मोठ्या अक्षरांत प्रश्नपत्रिका देतो म्हणाले, पण तिने मला जास्तच त्रास झाला. नातेवाईक चष्म्याला लावायचं दीड लाखाचं वाचनयंत्र घ्या म्हणतात. वडील कर्ज काढायला तयार आहेत. मी काय करू? दिसतंय तोवर लेखनिक आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाळावं असं वाटतं.

उत्तर:

आधी वडिलांना सांग, कर्ज काढू नका. तुला आत्ता ज्याची गरज आहे त्यातलं बहुतेक फुकट मिळतं, आणि उरलेलं देणं महाविद्यालयाचं काम आहे.

सरांचं बोलणं तुला लागलं असणार. पण त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे तयार हवं, कारण तोच प्रश्न परीक्षा विभागात, विद्यापीठात आणि पुढे नोकरीच्या ठिकाणीही येईल. या आजारात दृष्टिपटलाच्या कडेच्या, कमी उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी जातात. मधला भाग बराच काळ शाबूत राहतो. म्हणून मोबाइलवरचा संदेश वाचता येतो आणि त्याच वेळी बाजूचं बाक लागतं. २० अंश म्हणजे नेमकं किती ते आकड्यात सांग: कागद डोळ्यापासून ४० सेंटीमीटरवर धरला तर तुला एका वेळी सुमारे १४ सेंटीमीटर रुंदीचाच भाग दिसतो. उत्तरपत्रिकेची ओळ त्याहून लांब असते. प्रत्येक ओळीला नजर सरकवावी लागते, ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधावी लागते, प्रश्नपत्रिकेतून उत्तरपत्रिकेत आलं की जागा हरवते. वेळ जातो तो इथे.

मोठ्या अक्षरांनी त्रास का झाला, तेही यातच आहे. ए-४ कागद ए-३ वर झेरॉक्स केला की अक्षर १४१ टक्के होतं, १२ पॉइंटचं १७ पॉइंट. ज्यांची मधली दृष्टी गेली आहे त्यांना त्याचा फायदा होतो. तुझ्या १४ सेंटीमीटरच्या खिडकीत मात्र आता पूर्वीपेक्षा कमी शब्द मावतात. सरांनी मदतच करायची म्हणून केलं, पण ती दुसऱ्या प्रकारच्या दृष्टिदोषाची सोय होती. तुझी गरज वेगळी आहे: नेहमीपेक्षा फार मोठं नसलेलं, पण ठळक, एकसारख्या जाडीचं अक्षर, ओळींमध्ये मोकळी जागा, चकाकी नसलेला कागद आणि भरपूर पण डोळ्यांवर न येणारा उजेड. फॉन्ट विचारला तर मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी सांग, १४ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. कोकिळासारखा बारीक रेषांचा फॉन्ट नको.

याच हिशेबाने वर्गातली जागाही बदल. तुला पहिल्या बाकावर बसवलं असेल, तसंच बहुतेक करतात. फळ्यापासून २ मीटरवर तुला फळ्याचा जेमतेम ७० सेंटीमीटरचा तुकडा दिसतो. ४ मीटरवर १.४ मीटर. ६/१२ दृष्टीला ४ मीटरवरून फळ्यावरची नेहमीची अक्षरं वाचता यायला हरकत नाही. मधल्या रांगेत, तिसऱ्या-चौथ्या बाकावर, खिडकीकडे पाठ किंवा बाजू करून बसून बघ. खिडकीकडे तोंड नको.

आता अर्ज. "मी दिव्यांग आहे, सवलत मिळावी" असा एका ओळीचा अर्ज गेला की उत्तरही एका ओळीचं येतं. कोणतं काम अडतं, का अडतं आणि त्यावर काय हवं, या क्रमाने लिही. मसुदा असा ठेव:

"मा. प्राचार्य यांस. मी बी.ए. द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा असून दृष्टिक्षेत्र सुमारे २० अंश आहे (दृष्टिक्षेत्र तपासणीचा अहवाल आणि यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत). त्यामुळे लांब ओळी वाचणे, ओळ शोधणे व प्रश्नपत्रिका-उत्तरपत्रिका यांत नजर फिरवणे यास इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ व १७ नुसार मला पुढील सोयी मिळाव्यात: अंतर्गत व सत्रान्त दोन्ही परीक्षांत दर तासाला २० मिनिटे जादा वेळ, वाचक तथा लेखनिक, तळमजल्यावर, टेबल-दिवा लावता येईल अशी जागा, १४ पॉइंट ठळक अक्षरांतील प्रश्नपत्रिका, वर्गातील टिपणे युनिकोड वर्ड फाइलमध्ये, शक्यतो तासाच्या आदल्या दिवशी."

दोन प्रती काढ. एक आवक-जावक विभागात दे, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. तोंडी होकारावर विसंबू नकोस. बोललेली व्यक्ती रजेवर गेली की परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाला काहीच माहीत नसतं. पुढे कोणत्याही टेबलावर हीच शिक्क्याची प्रत दाखवायची असते. परीक्षेचा अर्ज भरताना दिव्यांगत्वाचा रकाना भरलाय ना, ते स्वतः बघ. तो रिकामा राहिला तर विद्यापीठाच्या यादीत नाव येत नाही आणि मग आयत्या वेळी प्राचार्यांचे हातही बांधलेले असतात. यूडीआयडीवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षराअक्षराने जुळतंय का, तेही आत्ताच तपास. आडनावाच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून कागद परत येतात.

जादा वेळेचा हिशेब पाठ असू दे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी दर तासाला किमान २० मिनिटं ठरवून दिली: तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं, अडीच तासांना ५०, दोन तासांना ४०. हा वेळ लेखनिक न घेणाऱ्यालाही मिळतो. सरांशी बोलताना हे दोन मुद्दे मुद्दाम वेगळे ठेव, कारण "लेखनिक नाही तर जादा वेळही नाही" असं सर्रास सांगितलं जातं. टक्क्यांचा प्रश्न निघालाच तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या उंबरठ्याला बांधता येत नाही असा निकाल दिला, आणि त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. तुझं कार्ड ४० टक्क्यांचं आहे, म्हणून तुला त्याची गरज नाही. पण असेच अडलेले तुझे वर्गमित्र असतील तर त्यांना सांग. दृष्टिक्षेत्र तपासणी दरवर्षी करून अहवाल जपून ठेव. क्षेत्र आणखी आक्रसलं तर टक्केवारी बदलून घेता येते, पण जुना-नवा अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय ते दाखवता येत नाही. नुसत्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतलेली तपासणी तुझ्या बाबतीत अपुरी आहे, हे तपासणाऱ्यांना आठवण करून द्यायला संकोचू नकोस. कायद्याच्या परिशिष्टात अल्पदृष्टीच्या व्याख्येत ४० अंशांपेक्षा कमी, १० अंशांपर्यंतचं दृष्टिक्षेत्र स्पष्ट लिहिलेलं आहे.

लेखनिक घ्यावा का? आमचं मत असं: मंजुरी आत्ताच घे, वापर कुठे करायचा ते सराव करून ठरव. मंजुरी असून न वापरणं चालतं; परीक्षेच्या आदल्या दिवशी मंजुरी मागणं चालत नाही. अंतर्गत चाचण्या त्यासाठीच वापर. एक पेपर स्वतः लिही, पण प्रश्न दुसऱ्याने वाचून दाखवलेले. एक पूर्ण लेखनिकाकडून. दोन्हींत किती प्रश्न झाले आणि शेवटी डोळे किती थकले ते लिहून ठेव. संख्याशास्त्रासारख्या पेपरात तुला स्वतः लिहिणं सोपं वाटेल, लांब उत्तरांच्या पेपरात लेखनिक. असं मिश्रणही चालतं.

लेखनिकाचे नियम विद्यापीठाच्या चालू परिपत्रकात बघ. बहुतेक ठिकाणी तो तुझ्यापेक्षा खालच्या वर्गातला आणि दुसऱ्या शाखेचा लागतो. अकरावी-बारावी विज्ञानाचा, मराठी शुद्धलेखन बरं असलेला विद्यार्थी शोध. ओळखपत्र, गुणपत्रिका, फोटो, आणि हो, त्याची स्वतःची परीक्षा त्याच तारखांना नाही ना, हे बघ. पर्यायी दुसरा माणूसही ठरवून ठेव. आजारपणात लेखनिक बदलण्याची मुभा सूचनांत आहे. महाविद्यालयाने दिलेला लेखनिक असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटण्याचा तुझा हक्क आहे. त्या भेटीत त्याच्याकडून एक पान लिहून घे.

सांगून लिहवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते न शिकताच मुलं परीक्षेला बसतात. निदान दोन पूर्ण पेपर त्याच्याबरोबर सोडव. मथळा, नवा परिच्छेद, अधोरेखा, स्वल्पविराम तोंडाने सांगायची सवय लागायला हवी. 'लवचिकता', 'उदासीनता वक्र', 'सीमान्त उपयोगिता' असे शब्द त्याला आधी लिहून दाखव, नाहीतर प्रत्येक वेळी अडशील. प्रत्येक परिच्छेद संपला की शेवटची ओळ वाचून घे.

आकृत्यांत सर्वांत जास्त गुण जातात. "मागणी वक्र काढ" एवढं सांगून विज्ञानाचा मुलगा तो काढू शकत नाही, आणि त्याने स्वतःच्या डोक्याने काढायचाही नसतो. बिंदू सांग. "डावीकडे उभा अक्ष, त्यावर किंमत, आडव्या अक्षावर मागणीचं प्रमाण. किंमत ५० ला प्रमाण १०, ४० ला २०, ३० ला ३०. बिंदू जोड, रेषा डावीकडून उजवीकडे खाली येते. वरच्या टोकाला 'म', खालच्या टोकालाही 'म'. प्रत्येक बिंदूतून दोन्ही अक्षांवर तुटक रेषा." प्रत्येक महत्त्वाच्या आकृतीसाठी असं चार-पाच वाक्यांचं वर्णन आधी तयार करून पाठ कर. उत्तर समजायलाही त्याने मदत होते.

स्वतः लिहिणार असशील तर घरच्या घरी एक साधन कर. काळ्या कार्डशीटचा २१ बाय ७ सेंटीमीटरचा तुकडा घे, मध्ये १७ बाय १.२ सेंटीमीटरची खिडकी काप. ओळ वाचताना ती ओळीवर ठेवायची. वरखालच्या ओळी झाकल्या जातात आणि कागदाची चकाकीही कमी होते. पानाच्या डाव्या कडेला भडक पिवळी किंवा लाल पट्टी ठेव, म्हणजे ओळ संपल्यावर नजरेला परत यायला खूण मिळते. ०.७ ऐवजी १ मिलिमीटरचं काळं जेल पेन. दिवा डाव्या खांद्यामागून, तू डावखुरी असशील तर उजव्या. ही खिडकी आणि पट्टी परीक्षेत वापरणार असल्याचं अर्जात लिही, नाहीतर पर्यवेक्षक कॉपीच्या संशयाने काढून घेतील.

संगणकावर पेपर लिहिण्याचाही पर्याय सूचनांत आहे. मात्र महाविद्यालयाच्या संगणकावर मराठी कळफलक नसतो, स्क्रीन रीडर नसतो, प्रिंटर दुसऱ्या इमारतीत असतो. आदल्या दिवशी यंत्र तपासून बघायची मुभा असते ती वापर, आणि या वर्षी तरी मुख्य पर्याय म्हणून त्यावर अवलंबून राहू नकोस.

आता तुझ्या मनातली अडचण. दिसतंय तोवर स्क्रीन रीडर नको, असं तू लिहिलंस. आम्ही नेमकं उलट सांगू. डोळे साथ देतात तोवरच तो शिकायचा, कारण आता चुकलीस तर पडद्यावर बघून दुरुस्त करता येतं. वाचन कानाने केलंस की डोळे फळ्यासाठी, आकृत्यांसाठी आणि रस्त्यासाठी उरतात. त्याने दृष्टी लवकर जात नाही की उशिरा जात नाही.

विंडोज लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घाल. पूर्ण मोफत आहे, मराठी आवाज त्यातच मिळतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबलं की सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी शिक: बाणाने एकेक ओळ, डाव्या-उजव्या बाणाने एकेक अक्षर, आणि इन्सर्टसह खालच्या बाणाने सलग वाचन. अक्षर-अक्षर ऐकलं की शुद्धलेखनाच्या चुका पकडता येतात. दुसऱ्या आठवड्यात वेबपानांवर एच दाबून मथळ्यावरून मथळ्यावर, वर्डच्या तक्त्यात कंट्रोल-ऑल्ट धरून बाणांनी एका चौकटीतून दुसरीत. रोज अर्धा तास. आवाज यांत्रिक वाटेल. पहिले पंधरा दिवस वेग कमी ठेव, मग दर आठवड्याला थोडा वाढव. जलद वाचनाला तोच आवाज स्पष्ट राहतो. निवांत ऐकायचं असेल तर एज ब्राउझरमधल्या 'रीड अलाउड'मध्ये मराठीचे बऱ्यापैकी नैसर्गिक वाटणारे आवाज आहेत, त्यांना इंटरनेट लागतं. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो. टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिक. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, आणि जोडाक्षर कसं होईल याचा अंदाज करावा लागत नाही. एका कानातला तारेचा इअरफोन घे, दुसरा कान वर्गासाठी मोकळा.

लवकरच एक अडचण येईल: सरांच्या टिपणांची फाइल उघडशील आणि एनव्हीडीए काहीतरी इंग्रजी अक्षरांची बडबड करेल. बिघाड तुझ्या यंत्रात नाही. ती टिपणं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. त्यात दिसतं 'क', पण फाइलमध्ये साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. कधी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे 'क' हा 'क' म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, असते पण पीडीएफ करताना वेलांट्या जागा सोडतात, कारण पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं क्रमाने असतात, लिहिण्याचा क्रम नाही. म्हणून पीडीएफ नको, मूळ वर्ड फाइल माग, हे अर्जात लिहिलं आहे.

छापील पुस्तक असेल तर फोनने पानं स्कॅन कर. एका वेळी एकच पान, पुस्तक पूर्ण उघडून सपाट, वरून उजेड, सावली नको. दहा-दहा पानांच्या फाइली करून गूगल ड्राइव्हमध्ये टाक आणि गूगल डॉक्सने उघड. मराठी मजकूर बऱ्यापैकी मिळतो. 'घ-ध', 'भ-म', 'थ-य' आणि रफार इथे चुका होतात. तळटिपा मजकुरात घुसतात, तक्ते मोडतात. आकडे मूळ पानावरून पडताळल्याशिवाय उत्तरात वापरू नकोस. हे बेकायदा आहे का, अशी शंका कुणी काढली तर कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ५२(१)(झेडबी) दिव्यांग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रत करायला परवानगी देतं. पण प्रत्येक पुस्तक स्वतः स्कॅन करत बसू नकोस. आधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात शोध. तिथलं सदस्यत्व यूडीआयडीवर मिळतं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आणि पुण्यातली निवांत अंध मुक्त विकासालय या दोन ठिकाणीही विचारणा कर. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गरजा त्यांना नेमक्या माहीत आहेत.

त्या दीड लाखाच्या यंत्राबद्दल: चष्म्यावरच्या कॅमेऱ्याने पान वाचून दाखवायचं काम फोनवर गूगलचं लुकआउट किंवा मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय फुकट करतं. कोणतंही यंत्र घेण्याआधी विक्रेत्याला तुझ्याच अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं मराठी पान वाचून दाखवायला सांग. इंग्रजी पानावरचं प्रात्यक्षिक ग्राह्य धरू नकोस. पैसे खर्च करायचेच असतील तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप आणि एक टेबल-दिवा.

महाविद्यालयाने नकार दिला तर? लेखी नकार माग, नम्रपणे. बरेचदा तिथेच गाडी हलते. नाही हलली तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार दे.  त्याबरोबरच विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना शिक्क्याच्या प्रतीसह पत्र पाठव. त्यानंतरची पायरी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांची, कार्यालय पुण्यात आहे. सरांशी मात्र भांडण मांडू नकोस. त्यांच्यासमोर काळी खिडकी कापलेला कागद धर आणि त्यातून त्यांनाच एक पान वाचायला सांग.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. संध्याकाळचे तास संपल्यावर बसस्टँडपर्यंत कशी जातेस? या आजारात अंधारात चालणं आधी अवघड होतं आणि मुली ते मैत्रिणींच्या हाताला धरून वर्षानुवर्षं लपवतात. पांढरी काठी फक्त संध्याकाळीही वापरता येते, पण ती हातात घेण्यापूर्वी प्रशिक्षकाकडून चालण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत त्याची चौकशी कर. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना ५ सेंटीमीटर रुंद पिवळी पट्टी मारावी, एवढी एक ओळ वरच्या अर्जात आजच वाढव.